मथळ्यांचा इतिहास : तंजावरच्या पोथीपासून वेबपानापर्यंत

 

मागच्या भागात आपण तंजावरच्या भोसले राजांबद्दल बोललो होतो. आजही आपण थोडा वेळ तंजावरला जाणार आहोत. पण आजचा विषय लढाईचा नाही आणि राजाचाही नाही. आजचा विषय आहे मथळा. लेखाच्या, प्रकरणाच्या, वेबपानाच्या माथ्यावर बसतो तो मथळा. तुम्ही म्हणाल, कर्नलसाहेब, यात कसला आलाय इतिहास? आहे. आणि तो मला पासष्टीच्या उंबरठ्यावर शिकावा लागला, तोही एका मित्राकडून बोलणी खाऊन. म्हणून आधी ती गोष्ट सांगतो.

एका मित्राचा फोन

१९८३ साली पदवी हातात पडली आणि मी मद्रासला आलो. तेव्हा हे शहर मद्रासच होते, चेन्नई हे नाव १९९६ मध्ये आले. परंगीमलै, म्हणजे सेंट थॉमस माउंटजवळच्या ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये माझे प्रशिक्षण झाले. १९६२ च्या युद्धाने सैन्याला अधिकारी किती कमी पडतात हे दाखवून दिले आणि त्यातून १९६३ मध्ये ही संस्था उभी राहिली. १९८८ पासून तिला ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमी म्हणतात. तिथे माझ्या शेजारच्या खाटेवर नागपूरचा एक मुलगा होता. चाळीस वर्षांची मैत्री आहे. निवृत्तीनंतर काचबिंदूने त्याची दृष्टी गेली. आधी कडा गेल्या, मग मधले गेले.

पण माणूस फौजी. दोन वर्षांत तो संगणक कानाने वापरायला शिकला. त्यासाठी स्क्रीन रीडर नावाचा प्रोग्रॅम असतो. पडद्यावरचा मजकूर तो मोठ्याने वाचून दाखवतो. माझा मित्र वापरतो तो प्रोग्रॅम ऑस्ट्रेलियात २००६ मध्ये सुरू झाला, त्याचे नाव एनव्हीडीए, आणि तो फुकट मिळतो. मराठीही वाचतो.

या मालिकेतली भाषणे लिहून काढून मी माझ्या एका छोट्या वेबपानावर ठेवत असे. क्रिमियन युद्धावरचे भाषण त्यात होते. एका संध्याकाळी मित्राचा फोन आला.

“अरे, ती बालाक्लाव्हाची गोष्ट तुझ्या पानावर कुठे आहे? नातवाला ऐकवायची होती.”

“मधेच आहे. वर मोठा मथळा दिलाय बघ.”

“कसला मथळा? तुझ्या पानावर मथळाच नाही. एच दाबलं की मशीन सांगतं, पुढे मथळा नाही. मग पहिल्या ओळीपासून ऐकत बसलो. चाळीस मिनिटं. नातू झोपला.”

मला पटेना. मी तर प्रत्येक भागाला मथळा दिला होता. ठळक, मोठ्या अक्षरात, निळ्या रंगात. मी लेकीला बोलावले. ती इथेच जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरच्या एका कंपनीत नोकरी करते. तिने पान उघडले, त्याच्या पोटातला मजकूर पाहिला आणि म्हणाली, “बाबा, तुम्ही मथळे लिहिलेच नाहीत. तुम्ही फक्त अक्षरं मोठी केलीत.”

मित्रहो, हे एक वाक्य मला समजायला दोन दिवस लागले. आजचे सगळे भाषण त्या एका वाक्याचे स्पष्टीकरण आहे असे समजा.

पोथीत नाव शेवटी यायचे

मथळा ही आपल्याला जगाइतकी जुनी गोष्ट वाटते. तशी ती नाही. घरात जुनी पोथी असेल तर उघडून बघा. आरंभी श्रीगणेशाय नमः असते आणि लगेच मजकूर सुरू होतो. अध्यायाचे नाव कुठे येते? शेवटी. “इति श्री” म्हणून जी ओळ येते, तिच्यात ग्रंथाचे नाव आणि अध्यायाचा क्रमांक असतो. म्हणजे आपण काय वाचले हे वाचून झाल्यावर कळते.

तेव्हा त्याने अडत नव्हते. पोथी बहुधा एक जण वाचायचा आणि दहा जण ऐकायचे. वाचणाऱ्याला ती पाठ असायची. अमुक प्रसंग काढा म्हटले की तो बोटाने पान उचलायचा. मथळा त्याच्या डोक्यात होता, कागदावर असण्याची गरज नव्हती.

पण रचना मात्र होती, हे लक्षात ठेवा. समर्थांचा दासबोध घ्या. वीस दशक, प्रत्येक दशकात दहा समास, एकूण दोनशे समास. ही संख्या ग्रंथाच्या शेवटी समर्थ स्वतःच सांगतात. पहिल्याच समासात या ग्रंथात काय काय आले आहे याची यादी दिलेली आहे. ग्रंथ, त्याच्या पोटात दशक, दशकाच्या पोटात समास. ही पायऱ्यांची रचना डोक्यात ठेवा, पुढे वेबपानावर तीच भेटणार आहे.

पत्रव्यवहाराचेही तसेच. मोडी कागद पाहिलेल्यांना ठाऊक आहे, शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, ओळीच्या ओळी एका दमात लिहिलेल्या असतात. त्यात मथळा कुठून येणार? पण ठरलेली वाक्ये असत. मायना, मग “विनंती उपरी”, मग मजकूर, शेवटी “बहुत काय लिहिणे”. कारकुनाची नजर बरोबर “विनंती उपरी”च्या पुढे जाऊन पडायची. ते शब्द रस्त्यावरच्या मैलाच्या दगडासारखे होते.

आता तंजावर. दुसरे सरफोजी राजे १७९८ ते १८३२ गादीवर होते. सरस्वती महालातला ग्रंथसंग्रह त्यांनी केवढा वाढवला हे मागच्या भागात सांगितलेच आहे. बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले वंशाचा इतिहास मराठीत दगडावर कोरून घेतला तो त्यांनीच, १८०३ मध्ये. मी तो दोनदा पाहिला आहे. तो वाचायचा तर भिंतीच्या कडेने चालत जावे लागते. हव्या त्या राजाची हकिगत हवी असेल तर डोळे बारीक करून शोधत राहायचे. दगड टिकतो, पण दगडात चटकन सापडत नाही.

याच सरफोजींनी तंजावरला देवनागरी छापखाना काढला आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या. आता पुस्तक एकाच्या मांडीवर राहिले नाही. ज्याला ते पाठ नाही अशा अनोळखी माणसाच्या हातात जाऊ लागले. अशा वाचकाला आरंभीच सांगावे लागते की पुढे काय आहे. छपाईच्या काळात मथळा शेवटून वर आला त्याचे मोठे कारण हे. लेखकाला न ओळखणारा, एकटाच बसून वाचणारा वाचक जन्माला आला.

बालाक्लाव्हाचा हुकूम

आता माझ्या मित्राला हवी असलेली गोष्ट. २५ ऑक्टोबर १८५४, क्रिमिया. इंग्रज सेनापती लॉर्ड रॅगलन उंच टेकडीवर उभे होते. तिथून त्यांना सगळे रणांगण दिसत होते. रशियन सैन्याने काही तोफा पकडल्या होत्या आणि ते त्या ओढून नेत आहेत असे वाटत होते. रॅगलनांनी घोडदळासाठी हुकूम दिला. तो पेन्सिलीने घाईघाईत लिहिला गेला आणि कॅप्टन नोलन तो घेऊन खाली दौडत गेला.

खाली दरीत घोडदळाचे प्रमुख लॉर्ड लुकन होते. त्यांना त्या तोफा दिसतच नव्हत्या. शत्रूला तोफा नेऊ देऊ नका, असा हुकूमाचा आशय होता. कोणत्या तोफा? कोणत्या दिशेच्या? ते कागदावर नव्हते. लुकनांनी विचारले तेव्हा नोलनने हात करून दिशा दाखवली आणि लाइट ब्रिगेड दरीच्या टोकाला असलेल्या भलत्याच तोफखान्यावर सरळ चालून गेली. सुमारे ६७० घोडेस्वार गेले. त्यातले ११० च्या आसपास मारले गेले, त्याहून अधिक जखमी झाले. नोलन सुरुवातीलाच पडला.

या प्रसंगाची कारणे अनेक आहेत, अधिकाऱ्यांमधली भांडणेही त्यात आहेत. पण आम्हाला प्रशिक्षणात सांगितलेला धडा असा, की लिहिणारा टेकडीवर असतो आणि वाचणारा दरीत. लिहिणाऱ्याला सगळा मुलूख दिसत असतो, म्हणून त्याला वाटते की आपले म्हणणे स्पष्ट आहे.

पुढे सैन्यांनी हुकूम लिहिण्याचा ठरीव साचा केला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रज आणि हिंदी सैन्यात युद्धाज्ञेचे पाच भाग ठरलेले होते: माहिती, उद्देश, पद्धत, व्यवस्था आणि संपर्क. याच क्रमाने, याच मथळ्यांखाली. मध्यरात्री, पावसात, टॉर्चच्या उजेडात आज्ञा वाचणाऱ्या कंपनी कमांडरला दारूगोळा कुठे मिळेल हे हवे असेल, तर तो थेट चौथ्या भागावर जातो. त्याला पहिल्या ओळीपासून वाचावे लागत नाही. लष्करी लेखनाचे नियम आम्हाला घोटून घोटून शिकवले. कोणता मथळा मध्यभागी, कोणता डावीकडे, कशाला रेघ, परिच्छेदाला क्रमांक कसा. तरुणपणी आम्ही त्याची टिंगल करायचो. आज कळते की त्या मथळ्यांमागे माणसांचे जीव होते.

मद्रासचे रंगनाथन

आता आपण चेन्नईला परत येऊ. मरीना किनाऱ्यावरून जाताना मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथालयाची इमारत दिसते. मथळ्यांच्या इतिहासातला एक मोठा अध्याय या विद्यापीठात लिहिला गेला आणि तो लिहिणारा माणूस गणिताचा प्राध्यापक होता. शियाळी रामामृत रंगनाथन. जन्म १८९२ चा, त्या वेळच्या तंजावर जिल्ह्यातला.

१९२४ मध्ये त्यांची मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल म्हणून नेमणूक झाली. सुरुवातीला त्यांचा जीव त्या कामात रमेना, ते परत शिकवायला जायला निघाले होते. विद्यापीठाने त्यांना आधी इंग्लंडला धाडले. तिथे त्यांनी शंभरावर ग्रंथालये पाहिली असतील, पण त्यांना वाट दाखवली ती लंडनच्या सेल्फरिज दुकानातल्या एका खेळण्याने. मेकॅनो. त्याच त्याच पट्ट्या आणि स्क्रू जोडून कधी गाडी करायची, कधी पूल. त्यांना वाटले, विषयही असेच जोडता येतील. त्यातून त्यांची कोलन वर्गीकरण पद्धत जन्मली, ती १९३३ मध्ये छापली गेली. त्याआधी १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातल्या चौथ्या नियमाचा आशय एवढाच की वाचकाचा वेळ वाचवा.

या नियमाचा मथळ्याशी संबंध काय, ते सांगतो. ग्रंथालयात वाचक येतो आणि त्याला काचबिंदूच्या उपचारांचे पुस्तक हवे असते. कपाटे हजारो पुस्तकांनी भरली आहेत. त्याने पुस्तकागणिक पाने चाळायची का? नाही. सूचीत विषयाचे मथळे असतात, त्यावरून तो जागेवर पोचतो. पण मथळा कोणता द्यायचा? उपचार? डोळा? वैद्यक? एक ग्रंथपाल एक देईल, दुसरा दुसरा देईल.

रंगनाथनांनी यावर साखळीची पद्धत काढली. १९३८ च्या त्यांच्या पुस्तकात ती आहे. विषय हा पायऱ्यांची साखळी समजायचा: वैद्यक, त्यात डोळा, त्यात आजार, त्यात उपचार. मग शेवटच्या कडीपासून मागे येत प्रत्येक कडीचा एक मथळा करायचा. उपचार, आजार, डोळा, वैद्यक हा एक. आजार, डोळा, वैद्यक हा दुसरा. डोळा, वैद्यक हा तिसरा. वैद्यक हा चौथा. वाचक कोणत्याही दारातून आत आला तरी जागेवर पोचतो. आणि कोणताही मथळा आपला बाप कोण, आजोबा कोण, हे विसरत नाही.

गणिताच्या माणसाने मथळ्याला शिस्त लावली ती अशी. मथळा कसा दिसतो याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हते. तो कोणाच्या पोटात आहे आणि त्याच्या पोटात काय आहे, हे त्यांनी पाहिले. १९४८ मध्ये मद्रास प्रांतात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, त्यामागेही त्यांचेच प्रयत्न होते. १२ ऑगस्टला आपण राष्ट्रीय ग्रंथपाल दिन पाळतो तो त्यांच्या नावाने. १९७२ मध्ये ते गेले. त्यांच्या हयातीतच अमेरिकेत संगणकावर तसाच एक विचार आकार घेऊ लागला होता.

तीन आडनावांची आद्याक्षरे

१९६० च्या दशकात छपाई संगणकावर होऊ लागली. तेव्हा मजकुरात यंत्रासाठी सूचना लिहीत: इथे अक्षर मोठे, इथे ठळक, इथे दोन ओळी सोड. अडचण अशी की यंत्र बदलले की सगळ्या सूचना बदलाव्या लागत. शिवाय संगणकाला कळायचे फक्त “मोठे अक्षर”. ते मोठे अक्षर म्हणजे प्रकरणाचे नाव आहे की जाहिरात, हे त्याला कळायचे नाही.

१९६९ मध्ये आयबीएममध्ये चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी या तिघांनी ही पद्धत उलटी केली. गोल्डफार्ब मूळचे वकील. वकिलांची कागदपत्रे साठवायची, शोधायची आणि छापायची, असे काम होते. त्यांनी ठरवले की मजकुराला तो कसा दिसावा याची खूण करायची नाही, तो काय आहे याची खूण करायची. हा मथळा. हा परिच्छेद. ही यादी. दिसण्याचे काम ज्या त्या यंत्राने आपापल्या परीने करावे. त्या भाषेला त्यांनी जीएमएल म्हटले. तिघांच्या आडनावांची आद्याक्षरेच ती. तिचेच पुढचे रूप एसजीएमएल १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाले. अमेरिकी संरक्षण खात्याने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आपल्या तांत्रिक पुस्तिकांसाठी ते स्वीकारले. कारण उघड आहे. एका लढाऊ जहाजाच्या पुस्तिकांचे वजन टनांत जाते आणि बिघाड झाला की हवे ते पान मिनिटांत लागते.

जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली काम करत होते. जगभरचे शास्त्रज्ञ तिथे येत, प्रत्येकाचा संगणक वेगळा. एकाचे लिखाण दुसऱ्याच्या यंत्रावर उघडत नसे. १९८९ मध्ये त्यांनी प्रस्ताव दिला आणि त्यातून वर्ल्ड वाइड वेब उभे राहिले. पाने लिहिण्यासाठी त्यांनी एचटीएमएल ही खुणांची भाषा केली. सर्नमध्ये एसजीएमएलच्या धर्तीवर दस्तऐवज लिहिण्याची पद्धत आधीच होती, तिच्यातल्या बऱ्याच खुणा त्यांनी जशाच्या तशा उचलल्या. १९९१ मधल्या पहिल्या यादीत खुणा विसाच्या आतच होत्या. त्यात मथळ्यांच्या सहा पायऱ्या होत्या. कोनाकृती कंसात इंग्रजी एच अक्षर आणि त्यापुढे १ ते ६ पैकी एक आकडा.

एच १ म्हणजे पानाचे नाव. एच २ म्हणजे त्यातले मोठे भाग. एच ३ म्हणजे त्या भागांचे पोटभाग. आता दासबोध आठवा. ग्रंथ हा एच १, दशक हा एच २, समास हा एच ३. समर्थांची बैठक आणि सर्नची प्रयोगशाळा यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण मोठा मजकूर माणसाच्या डोक्यात मावायचा तर त्याला पायऱ्या लागतात, हे दोन्हीकडे सारखेच उमगले.

मोठे अक्षर आणि मथळा

मग गडबड कुठे झाली? १९९० च्या दशकाच्या मध्यात वेब बाजारात आले. पाने देखणी हवीत अशी मागणी वाढली. ब्राउझर कंपन्यांनी अक्षराचा आकार आणि रंग ठरवणाऱ्या नव्या खुणा आणल्या. लोकांना त्या आवडल्या. मथळ्याची खूण करण्याऐवजी लोक अक्षर मोठे करून मोकळे होऊ लागले. उलटही झाले. एच ४ चे अक्षर छान दिसते म्हणून कुठेही एच ४ वापरले जाऊ लागले. गोल्डफार्ब मंडळींनी जे वेगळे केले होते ते पुन्हा एक झाले.

यावर उपाय म्हणून दिसण्याची भाषा वेगळी काढली गेली. तिला सीएसएस म्हणतात. तिची पहिली आवृत्ती डिसेंबर १९९६ मध्ये आली. रचना एचटीएमएलने सांगायची, रूप सीएसएसने ठरवायचे. मथळा एच २ च राहू द्या, तो हिरवा हवा की निळा, लहान हवा की मोठा, ते सीएसएसला सांगा.

डोळस माणसाला यातला फरक दिसत नाही. दोन्ही पाने डोळ्याला सारखीच. माझे पानही सुंदर दिसत होते. पण स्क्रीन रीडरला रंग दिसत नाही, त्याला खूण ऐकू येते. खूण असेल तर तो सांगतो: मथळा, पायरी २, बालाक्लाव्हाचा हुकूम. ऐकणारा एच ही कळ दाबून एका मथळ्यावरून दुसऱ्यावर उडी मारतो. २ दाबले की फक्त दुसऱ्या पायरीचे मथळे, ३ दाबले की तिसऱ्या. तुम्ही-आम्ही पानावरून नजर फिरवतो ना, तसे तो कानाने करतो. अमेरिकेतल्या वेबएम या संस्थेने स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांना विचारले, की मोठ्या पानावर हवी ती माहिती शोधायला तुम्ही आधी काय करता. २०२४ च्या निष्कर्षात दहांपैकी सुमारे सात जणांनी उत्तर दिले: मथळ्यांवरून जातो.

म्हणजे मी टेकडीवर उभा राहून हुकूम लिहिला होता. मित्र दरीत होता. फरक एवढाच की इथे कोणाचा जीव गेला नाही, एका आजोबांची संध्याकाळ गेली. पण हेच पान रुग्णालयाचे असते, निवृत्तिवेतनाचे असते, पुराच्या इशाऱ्याचे असते तर? २०१५ च्या डिसेंबरात आम्ही चेन्नईत पूर पाहिला आहे. त्या वेळी मदत केंद्र कुठे आहे हे शोधायला चाळीस मिनिटे कोणाकडे होती?

सरकारी संकेतस्थळांसाठी भारत सरकारने २००९ मध्येच मार्गदर्शक तत्त्वे केली आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही माहिती सर्वांना वापरता आली पाहिजे असे म्हटले आहे. कायदा आहे, पण मथळा शेवटी लिहिणाऱ्या बोटांनीच लिहायचा असतो.

थोडी कवायत

हे फक्त संगणकवाल्यांचे काम आहे असे समजू नका. तुम्ही सोसायटीचे इतिवृत्त लिहिता, मंडळाचा अहवाल लिहिता, घराण्याचा इतिहास लिहिता. वर्ड किंवा तत्सम प्रोग्रॅममध्ये हेडिंग १, हेडिंग २ अशा शैली असतात. त्याच या खुणा. तिथे हेडिंग निवडले की अनुक्रमणिका आपोआप तयार होते आणि पुढे त्याचे ई-पुस्तक केले तरी खुणा टिकतात. ई-पुस्तक पोटातून वेबपानासारखेच असते.

कवायत सोपी आहे. पहिले, पानाला एकच एच १. पलटणीला कमांडिंग ऑफिसर एकच असतो. दुसरे, खाली उतरताना पायरी गाळू नका. एच २ खाली थेट एच ४ आला तर ऐकणाऱ्याला वाटते मधले काही सुटले. तिसरे, अक्षर मोठे हवे म्हणून मथळ्याची खूण वापरू नका, आणि मथळा हवा तिथे नुसते मोठे अक्षर ठेवू नका. चौथे, मथळ्यात नेमके सांगा. “अधिक माहिती” हा मथळा नव्हे. “अर्ज कुठे द्यायचा” हा मथळा. महाराष्ट्र शासनाचा कोणताही शासन निर्णय बघा, “प्रस्तावना” आणि “शासन निर्णय” असे मथळे असतात. अनुभवी कारकून प्रस्तावना सोडून थेट निर्णयावर जातो.

पाचवी आणि शेवटची परीक्षा. सगळा मजकूर झाका आणि फक्त मथळे वाचा. त्यातून विषय कळला तर रचना बरोबर. नाही कळला तर मथळे रंगवत बसू नका, विचारच पुन्हा मांडा. कारण पुष्कळदा मथळा सुचत नाही त्याचे कारण असे असते, की त्या भागात काय सांगायचे हे आपल्यालाच ठरवता आलेले नसते. माझ्या दोन भाषणांचे मला यात नव्याने भाग पाडावे लागले.

पुन्हा एक फोन

लेकीने एका रविवारी मला शेजारी बसवून सगळी पाने दुरुस्त करायला लावली. ती सांगायची, मी टंकायचो. “बाबा, हा एच २ आहे का एच ३?” असे ती विचारायची आणि मला थांबून विचार करावा लागायचा की हा भाग कोणाच्या पोटात आहे. रंगनाथनांनी मद्रासच्या ग्रंथपालांना हेच करायला लावले होते. एकोणीस भाषणे होती, संध्याकाळ झाली.

त्या रात्री मी मित्राला फोन केला आणि म्हटले, आता बघ. पलीकडून कळांचे आवाज ऐकू येत होते. टक, टक, टक. मग तो यांत्रिक आवाज: मथळा, पायरी २, बालाक्लाव्हाचा हुकूम. मोजून अकरा सेकंद लागली.

तो म्हणाला, “सापडलं. आता फोन ठेव, नातू जागा आहे.”

मित्रहो, या ई-पुस्तकातले सगळे मथळे आता खऱ्या खुणांनी लिहिलेले आहेत. तुमच्या ओळखीत कोणी कानाने वाचणारे असेल तर त्यांना जरूर द्या. आणि कुठे एच दाबून मथळा सापडला नाही तर मला कळवा. ती चूक माझीच असेल.

पुढच्या भागात आपण वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजकडे वळू. तोपर्यंत, जय हिंद.